आठ दिवसांनी

भट्टी गार आहे, साबातिनो म्हणाला,
आणि माझ्याकडे असं पाहिलं
जणू ती मीच विझवली.

बोलोन्यापासून गाडीत उभा राहून आलो होतो.
आदल्या रात्रीपासून मुद्दाम उपाशी.
नाही, खोटं कशाला,
एक संत्रं खाल्लं होतं, स्टेशनवर कॉफी घेतली होती.
पण भूक राखून ठेवलेली,
पाहुण्यांसाठी काही ठेवतात तशी, वरच्या फळीवर.

नेपल्समध्ये, सानिताच्या पुलाच्या पोटाखाली
त्याचं दुकान. चार टेबलं, संगमरवरी ओटा,
मधोमध झिजून खोलगट झालेला.
तिथे बापाने पीठ थापलं, मग याने.
गेल्या आठवड्यात भट्टीचा तळ तडकला.
एउस्ताकिओ गवंडी, वय ऐंशी, एका कानाने बहिरा,
सोरेंतोहून विटा घेऊन आला
आणि आत डोकं घालून दोन दिवस
कुणाशी तरी भांडत असल्यासारखा राबला.
आता तळ नवा आहे. ओला आहे.
तीन दिवस बारीक आंच, मग मोठी,
मग कुठे पहिला पिझ्झा.

मी म्हटलं, उद्या सकाळी माझी गाडी आहे.
भट्टीला कुठे ठाऊक तुझी गाडी!
असं म्हणून त्याने आत हात घातला,
नव्या तळाला तळवा लावून पाहिला,
तापलेल्या पोराच्या कपाळाला लावतात तसा,
आणि एक काटकी, एकच, पुढे सरकवली.

उठायला हवं होतं. बसून राहिलो.
गल्लीतला जो तो डोकावून जात होता:
पोस्टमन, दप्तरं पाठीवर घेतलेल्या दोन मुली,
मासळीवाला, हात पुसत.
कशी आहे?
बरी आहे. उद्यापरवा.
चौथ्या मजल्यावरून दोरीला बांधलेली टोपली उतरली,
त्यात चार लिंबं आणि चिठ्ठी:
गवंड्याला सांग, माझं स्वयंपाकघर गळतंय.

मग समोरच्या खोलीतून फिलोमेना ओरडली,
त्या परक्या माणसाला कोरडं किती वेळ बसवणार?
दारातच तिची कढई.
तेलात कणीक फुगतानाचा आवाज
मला कुणी शिकवावा लागत नाही.
आत रिकोटा, भरड मिरी, डुकराच्या चरबीचे कुरकुरीत तुकडे.
कागदात गुंडाळून दिला.
जीभ भाजली. ओघळ कोपरापर्यंत.
मी विचारलं, हाच का अस्सल?
ती म्हणाली, गरम आहे ना?
नंतर, झारा निथळवत, स्वतःशीच बोलल्यासारखं:
लढाईत भट्ट्या पडल्या, चीज परवडेना,
तेव्हा माझी सासू या पायरीवर तळायला बसली.
तिला कुणी विचारलं नव्हतं असलं काही.

पैसे काढले तर तिने शाळेची वही काढली.
आज खा, आठ दिवसांनी दे.
मी सांगितलं, आमच्याकडे दुकानात पाटी असते,
आज रोख, उद्या उधार.
मोडक्यातोडक्या इटालियनमध्ये समजावली.
ती इतकी हसली
की कढईतला एक काळा झाला,
तो तिने बहिऱ्या एउस्ताकिओला दिला
आणि त्याने तो कौतुकाने खाल्ला.

पण मी तर उद्याच चाललो.
मग आठ दिवसांनी ये.
माझं नाव तिच्या कानाला जुळेना,
तेव्हा वहीत लिहिलं:
वाट बघत बसलेला. साडेतीन युरो.

आठवा दिवस गुरुवारी आला.
रॉटरडॅमला गारा पडत होत्या.
दुपारी एकच्या सुमाराला, भाकरीच्या आकाराचा
थंड सँडविच हातात धरून
मी हिशेब केला: तळ आता वाळला असेल,
मोठी आंच लागली असेल,
ओट्याच्या खोलगटात कुणाचा तरी गोळा पसरत असेल.
वहीतल्या त्या ओळीवर मात्र रेघ नाही.

साडेतीन युरो कोटाच्या आतल्या खिशात आहेत.
सुट्टे लागले तरी
त्यांना हात लावत नाही.